पेन्सिलीचा रकाना

सरोदे सरांना बसलेलं मी सोळा वर्षांत दोनदाच पाहिलं. एकदा नांदगाव खंडेश्वरला बाजेवर आणि एकदा बडनेऱ्याच्या फलाटावर. एरवी सर उभे. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची एक खुर्ची होती, तिच्यावर आम्ही डबे आणि हेल्मेट ठेवायचो. सर चहा उभ्यानं प्यायचे, पेपर उभ्यानं तपासायचे आणि प्राचार्यांची मीटिंग असली की दाराच्या चौकटीला टेकून एक पाय बाहेर ठेवायचे. मुलांनी त्यांचं नाव ‘उभे सर’ पाडलं होतं आणि ते त्यांना माहीत होतं. एकदा हजेरी घेताना मागून कोणीतरी तसं म्हणालं तर सर म्हणाले, “हाव. तुमी बसले हा ना, मंग कोनीतरी उभं पायजे.”

राहायला ते अकोल्याला, मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरात, आणि नोकरी अमरावतीला. रोज बडनेऱ्यापर्यंत रेल्वे, पुढं ऑटो. तिकडचं घर सोडून इकडं या म्हणून आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. “अमरावतीत राह्यलो तं दिवसभर करू काय?” गाडीत जागा मिळाली तरी ते अर्ध्या वाटेवरच्या मूर्तिजापूरपासूनच दारात येऊन उभे राहत. परतताना आपली गाडी चुकेल या धास्तीनं तिच्या आधीची पकडत. त्यामुळे त्यांची गाडी कधी चुकल्याचं मी ऐकलं नाही.

मी जीवशास्त्र शिकवते, सर गणित शिकवायचे. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात हे दोन विषय म्हणजे दोन तट. दहावी होऊन मूल विज्ञान शाखेला आलं की भौतिक आणि रसायन तर सुटत नाहीत, उरतं ते गणित ठेवायचं, जीवशास्त्र ठेवायचं, की दोन्ही. डॉक्टर व्हायचं असेल तर क्लासवाले पहिल्याच दिवशी सांगतात, गणित सोडा, त्याच्या जागी भूगोल घ्या, भूगोल काय शेवटच्या आठ दिवसांत होतो. इंजिनीअरचं ठरलं असेल तर जीवशास्त्र सोडा. दोन्ही ठेवणारं पोर वेडं किंवा फार हुशार. अकोल्यात तर आता घरं भाड्यानं देणारेसुद्धा विचारतात, पोरगी कोणत्या ग्रुपची आहे. आणि हे सगळं ठरतं जून-जुलैच्या पंधरा-वीस दिवसांत, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं, त्यांच्या डोक्यावरून.

प्रवेश हल्ली ऑनलाइन होतात, पण विषयांचा फॉर्म आमच्याकडे अजून कागदावरच होता आणि त्या टेबलावर दरवर्षी सरोदे सर. मी नोकरीला लागले त्या वर्षी मलाही तिथं मदतीला दिलं. पाहते तर टेबलाच्या एका खिळ्याला सुतळी, सुतळीच्या एका टोकाला शिसपेन्सिल, दुसऱ्या टोकाला खोडरबर. बँकेत पेन बांधून ठेवतात, तसं. फॉर्मवर नाव, गाव, जात, जन्मतारीख सगळं पेननं लिहायचं. विषयांचा रकाना मात्र पेन्सिलीनं. पुढचे पंधरा दिवस मुलानं गणिताला बसायचं आणि जीवशास्त्रालाही बसायचं. वाटेल तेव्हा येऊन खोडायचं, वाटेल तेव्हा लिहायचं. पंधराव्या दिवशी स्वतः येऊन त्यावरून पेन फिरवायचं. जो येणार नाही त्याचा रकाना आमच्या ऑफिसातले राऊत बाबू गिरवून टाकत. हा नियम कोणत्याही परिपत्रकात नव्हता, सरोदे सरांच्या डोक्यातला होता.

प्राचार्यांना हे अजिबात पटत नसे. “सरोदे, हा शासनाचा फॉर्म आहे, चित्रकलेचा नाही.”

“चित्रकलेच्या पोराइले तुमी खोडू तं देता सर,” सरोदे सर म्हणाले आणि तिथून चालायला लागले. त्यांच्याशी भांडण पुरं करायचं तर त्यांच्या मागं मागं जावं लागे, आणि प्राचार्यांच्या गुडघ्यांना ते झेपत नसे.

त्या पहिल्या दिवसाचं एक आठवतं. दर्यापूरकडचे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलाच्या हातात क्लासचं नवं दप्तर, त्यावर क्लासचं नाव.

“गणित काहून सोडून राहिला?” सरांनी मुलाला विचारलं.

“क्लासच्या सरांनी सांगतलं.”

“मंग त्याइलेच घ्याचा का प्रवेश?”

वडील मध्ये पडले. “सर, डाक्टर करायचं हाय त्याले. गणिताचं त्याले काय काम?”

“तुमाले नाई विचारून राहिलो, भाऊ. तुमची दहावी होऊन गेली. निकाल याचा लागला आता.” मग मुलाकडं वळून, “तुले काय वाट्टे?”

मुलानं वडिलांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. सर म्हणाले, पानी पिऊन ये. तो गेला तोवर सरांनी टेबलापासून खिडकीपर्यंत चार चकरा मारल्या. मुलगा ओल्या हनुवटीनं परत आला आणि म्हणाला, “सर, मले नाई मालूम.” सर एवढे खूश झाले की त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. “खरं बोलला. आता पेन्सिल घे आन लिव काईतरी. परवा-तेरवा येऊन खोडजो.” वडील माझ्याकडं अशा नजरेनं पाहत होते की या कॉलेजात शहाणं कोणी आहे का. मला तरी तेव्हा काय माहीत होतं. माझा पहिलाच दिवस होता.

“तुले काय वाट्टे” हे सरांचं पालुपद. बाजारात भाजीवालीलासुद्धा विचारत, सांबार, म्हणजे कोथिंबीर, ताजा आहे का, तुले काय वाट्टे. पण उत्तरासाठी थांबणं त्यांच्या पायांना जमत नसे, तेवढ्यात ते पुढच्या गाडीपाशी गेलेले असत. वर्गातही तेच. पहिल्या बाकाला प्रश्न विचारायचे आणि उत्तर येईपर्यंत चौथ्या बाकाशी. मुलं मान वळवून त्यांच्या पाठीला उत्तर द्यायची. आम्ही यावर हसायचो. मीही हसायचे.

एका वर्षी त्यांनी मला रुक्मिणीनगरला नेलं. म्हणजे गाडी माझी, चालवणारी मी, मागं सर, आणि प्रत्येक चौकात मला डावीकडं की उजवीकडं हे माझ्या आधी सांगणारे तेच. एका वकिलांच्या घरी जायचं होतं. त्यांच्या मुलानं रकान्यात गणित लिहिलं होतं, आई येऊन ते खोडून गेली होती, मुलगा पुन्हा येऊन लिहून गेला होता, आणि कागद त्या जागी झिजायला आला होता. वकीलसाहेबांचं घर मोठं, बोलणं शुद्ध. आम्हाला गिलावडा आला, त्यावर दही. मी खायला बसले. सर त्या दिवाणखान्यात वशिंड झटकणाऱ्या बैलासारखे फिरत होते. शेवटी वकीलसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, “सर, बसता का? मला गरगरायला लागलंय.”

“तुमी डोये मिटा बाई,” सर म्हणाले. “वकीलसाहेब, पोट्टा वहीच्या मांगं घरं काढते. नकाशे. जिने सुदिक बरोबर काढते. ते शिकायचं असन तं गणित लागते. दार काहून लावता आत्ताच?”

“आम्ही सर्व बाजूंनी विचार केलेला आहे, सरोदे सर.”

“पोराच्या बाजूनं?”

“तो लहान आहे अजून.”

“मंग फार्मवर सही त्याची काहून घेता?”

वकीलसाहेबांनी गिलावड्याची बशी माझ्याकडं सरकवली. मुलगा आतल्या दारात पडदा धरून उभा होता. त्याचं गणित टिकलं. पण ही गोष्ट सांगताना लोक इथेच थांबतात, मी थांबणार नाही. बारावीला तो त्याच गणितात काठावर पास झाला आणि नकाशे शिकायला गेलाच नाही, कुठंतरी हॉटेलचं शिकायला गेला. मी सरांना जरा टोचूनच विचारलं, काय सर, आपण गिलावडा खाऊन काय मिळवलं? सर म्हणाले, “खाल्ला तुमी. मी तं उभा होतो.” मग दहा पावलं पुढं जाऊन परत आले. “मॅडम, त्याच्या पायानं गेला ना थो? मंग झालं. कुठी गेला ते आपून पाहायचं नाई.”

हे ते मनापासून बोलत. आणि मी त्यांना मानत होते ते याचसाठी. पुढं जे झालं त्यात त्यांनी स्वतः नेमकं हेच मोडलं, आणि ते त्यांना सहा-सात महिने कळलं नाही, मलाही नाही.

पल्लवी ठोंबरे नांदगाव खंडेश्वरची. वडील शेती करणारे, घरी तूर, सोयाबीन, दोन बैल. पोरगी अमरावतीला मावशीकडं राहून शिकणार होती. प्रवेशाच्या दिवशी एकटीच आली. सरांनी गुणपत्रिका पाहिली. गणितात अठ्ठ्याण्णव.

“दोन कुठी गेले वं?”

“चिन्ह चुकलं सर. वजाचं.”

सर जे हसले, ते अख्ख्या रांगेनं वळून पाहिलं. त्यांनी सुतळीची पेन्सिल उचलली, तिच्या फॉर्मवर स्वतःच्या हातानं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही लिहिलं, फॉर्म माझ्याकडं सरकवला आणि म्हणाले, “चला, पुढचा.” तिथं मी बसले होते. मी तो फॉर्म घेतला, गठ्ठ्यात लावला.

वर्ग सुरू झाले. पल्लवी तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची. सर तिला रोज एका चिठ्ठीवर एक गणित द्यायचे, ती दुसऱ्या दिवशी सोडवून आणायची, कधी तिसऱ्या. स्टाफरूममध्ये सर त्या चिठ्ठ्या आम्हाला दाखवत फिरायचे. आम्हाला त्यातलं कळत नसे, आम्ही माना डोलवायचो. “हे पोट्टी मोठ्या संस्थेत जाईन, संशोधनाच्या,” ते म्हणायचे. “दोन्ही विषय हायत तिच्यापाशी. कोनतंच दार बंद नाई.” माझ्या तासालाही ती चांगली होती. बेडकाच्या हृदयाची आकृती तिनं काढली तशी मला फळ्यावर जमत नाही. एकदा प्रात्यक्षिक संपल्यावर ती रेंगाळली आणि मला विचारलं, “मॅडम, भूगोलाचे जुने पेपर कोनाकडे भेटतीन?” मला वाटलं मैत्रिणीसाठी विचारते. मी ग्रंथालयाकडं बोट दाखवलं आणि सूक्ष्मदर्शकं मोजायला लागले. तेव्हा दोन मिनिटं तिच्याकडं नीट पाहायला हवं होतं.

जानेवारीत वार्षिक परीक्षेच्या याद्या लागल्या, वर्षात पहिल्यांदाच विषयवार; तोवर हजेरी सगळ्या वर्गाची एकच असे. सरोदे सर सूचना फलक वाचत नसत, त्याच्यासमोरून जात. त्या दिवशी जाता जाता थांबले. गणिताच्या यादीत पल्लवी ठोंबरे नव्हती. भूगोलाच्या यादीत होती.

त्यांचा आवाज मी वर प्रयोगशाळेत ऐकला. खाली आले तर ऑफिसात राऊत बाबू भिंतीला पाठ लावून उभे आणि सर समोर. “कोनी खोडलं? मले नाव सांगा, राऊत. कोन आलं होतं? क्लासवाले आले होते का?”

“सर, जे दिसलं ते मी गिरवलं,” राऊत बाबू म्हणत होते. “पोट्टी शेवटल्या दिवशी आलीच नाई. तुमचाच नियम हाय. भूगोल होतं, भूगोल गिरवलं.”

सरांनी फॉर्म खिडकीच्या काचेला लावला. राऊत बाबूंच्या निळ्या ‘भूगोल’खाली खोडलेलं ‘गणित’ अजून दिसत होतं, सरांच्याच हातचं. त्या क्षणी त्यांनी ठरवून टाकलं. बापानं खोडलं, क्लासवाल्यांच्या सांगण्यावरून खोडलं, आणि राऊतनं डोळेझाक केली. मी म्हटलं, सर, आधी पल्लवीला विचारू या. ते म्हणाले, “तिले काईच सांगू नका. पोट्टी हादरून जाईन. परीक्षा व्हाची हाय.” आणि निघाले.

पुढचे तीन आठवडे सर कोणाच्या हाताला लागले नाहीत. सकाळी तास, मग बोर्डाचं विभागीय कार्यालय, मग परत तास, मग अर्ज. विषय बदलायची मुदत केव्हाच संपली होती. बारावीच्या सुरुवातीला बदल करता येईल, पण विद्यार्थिनीचा अर्ज आणि पालकाची सही हवी, एवढं पदरात पडायला त्यांना सात चकरा माराव्या लागल्या. मधल्या काळात त्यांच्या तक्रारीवरून प्राचार्यांनी राऊत बाबूंना लेखी खुलासा मागितला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्या माणसाला असा कागद पहिल्यांदा मिळाला. राऊत बाबू डबा घेऊन एकटे झाडाखाली बसायला लागले. मला ते बघवत नव्हतं आणि सरांना ते दिसत नव्हतं. आणि तिकडं पल्लवी रोज गणिताच्या तासाला तिसऱ्या बाकावर येऊन बसत होती, चिठ्ठ्या सोडवून आणत होती.

एका रविवारी आम्ही नांदगावला निघालो. मी का गेले? खरं सांगायचं तर राऊत बाबूंसाठी गेले. बस अर्धी रिकामी होती, सर दांडा धरून उभे. कंडक्टर तीनदा म्हणाला, सर, जागा हाय. शेवटी तो माझ्याकडं पाहून पुढच्या तिकिटाला गेला.

ठोंबऱ्यांच्या अंगणात ताडपत्रीवर तूर वाळत होती. पल्लवीचे वडील धावत समोर आले, बाज झटकली, पाणी दिलं. सर उभ्यानंच पाणी प्यायले आणि उभ्यानंच सुरू झाले. पिशवीतून फॉर्मची प्रत काढली. पोरीची बुद्धी, तिचं भविष्य, मोठ्या संस्था, बंद होणारी दारं, सगळं अंगणात येरझाऱ्या घालत. ताडपत्रीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. ठोंबरे भाऊ त्यांच्या मागं मान फिरवत होते.

“मी भांडाले नाई आलो, भाऊ. पन मले सांगा, तुमी खोडलं का?”

“काय खोडलं, सर?”

“गणित.”

ठोंबरे भाऊंच्या तोंडावर जे होतं ते नाटक नव्हतं. त्यांना खरंच काही कळलं नव्हतं. तेवढ्यात पल्लवी चहा घेऊन बाहेर आली. रविवार म्हणून ती घरी आलेली होती. तिनं ट्रे बाजेवर ठेवला आणि फॉर्मकडं पाहिलं.

“मी खोडलं, सर,” ती म्हणाली.

सर ताडपत्रीच्या पलीकडच्या कडेला होते. तिथंच थांबले. मग हळूहळू परत आले. “तू? काहून?” असं म्हणून पुन्हा वळणार तेवढ्यात ठोंबरे भाऊ म्हणाले, “सर, बसा ना थोडसं.” आणि सर बसले. बाजेच्या कडेवर, चहाच्या ट्रेच्या बाजूला. त्यांचं डोकं आता उभ्या असलेल्या पल्लवीच्या खांद्याला येत होतं. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि बोलायला लागली.

“पेन्सिलनं होतं ना सर. पंधरा दिवस खोडता येते, तुमीच सांगतलं होतं सगळ्याइले. तेराव्या दिवशी मी आली, टेबलापाशी कोनी नोतं. मी खोडलं आन भूगोल लिवलं. शेवटल्या दिवशी तुमी समोर असान म्हनून आली नाई.”

“गणित आवडत नाई तुले?”

“लय आवडते. म्हनूनच तं. एक गणित अडलं का मले दोन दिवस दुसरं काई सुचत नाई. जेवाचं सुदिक ध्यान नाई राहत. आन मले डाक्टर व्हायचं हाय, सर. बाबानं नाई सांगतलं, माह्यं मलेच वाट्टे. दोन्ही नाई झेपत मले.”

“मंग सहा म्हयने वर्गात काहून बसली?”

ती बोटानं ओढणीला नसलेली सुरकुती काढत राहिली. “तुमाले वाईट वाटन म्हनून. सांगाले आली होती ना मी. व्हरांड्यात म्हनलं, सर, एक सांगायचं हाय. तुमी म्हनले, सांग, आन चालाले लागले. जिन्यापर्यंत तुमच्या मांगं आली. मंग घंटा झाली.” मग ती म्हणाली, “तुमी सगळ्याइले विचारता, तुले काय वाट्टे. मले नाई विचारलं. माह्या फार्मवर तुमीच लिवून टाकलं.”

ठोंबरे भाऊ ओशाळले. “पोट्टी हाय सर, बोलून गेली. मनावर नोका घेऊ. मले तं हे मालूमच नोतं. मी गावात सांगत फिरून राहिलो ना, माही पोट्टी सरोदे सरापाशी गणित शिकते म्हनून.”

“तिले बोलू द्या, भाऊ,” सर म्हणाले. त्यांचा उजवा पाय एकसारखा हलत होता, बाज करकरत होती, पण ते उठले नाहीत. चहा गार होईपर्यंत ते तिचं ऐकत बसले. तिनं सगळं सांगितलं. भूगोलाचा तास गणिताच्याच वेळी असतो, त्या तासाला कोणीच बसत नाही, भूगोलाचे सर रिकाम्या बाकांना नकाशा दाखवून निघून जातात, म्हणून तिची गैरहजेरी कोणाला कळली नाही. चिठ्ठ्या मात्र ती खरंच आवडीनं सोडवत होती. शेवटी सरांनी फॉर्मची प्रत घडी करून तिच्या हातात दिली. सहीचं नाव काढलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते पुन्हा उभेच होते. लोणी गाव मागं पडल्यावर मला म्हणाले, “वाईट वाटून राहिलं, मॅडम. लय वाईट वाटून राहिलं.” मलाही वाटत होतं, आणि त्यात थोडं माझ्या स्वतःच्या चुकीचंही होतं. तो फॉर्म मीच गठ्ठ्यात लावला होता.

दुसऱ्या दिवशी सर ऑफिसात गेले आणि सगळ्यांसमोर राऊत बाबूंना म्हणाले, “राऊत, माही चूक झाली. तुमची काईच नोती.” प्राचार्यांकडून तो कागद मागून आणला आणि राऊत बाबूंच्याच हातानं फाडायला लावला. राऊत बाबू मानी माणूस. त्यांनी मान हलवली, पण आठ दिवस सरांचा चहा घेतला नाही. नवव्या दिवशी घेतला. पल्लवीला सरांनी गणिताच्या तासाच्या दारातच सांगितलं, “जाय, भूगोलाले बस. तिथं कोनी नाई, तुले जागा भेटन.” तिसरा बाक रिकामा राहिला आणि सर वर्गात शिकवताना त्या बाकाला वळसा घालून जात.

पुढच्या जूनमध्ये सुतळी, पेन्सिल, खोडरबर सगळं पुन्हा टेबलावर आलं. सर तिथं उभेच असायचे, पण एका जागी, हात पाठीमागं एकमेकांत अडकवून. पेन्सिलीला ते स्वतः हात लावत नसत. एखादं मूल गुणपत्रिकेत गणिताचे पैकीच्या पैकी घेऊन आलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा, पण विचारायचे आणि थांबायचे. त्यांना चालण्यापेक्षा थांबण्यानं जास्त दमायला व्हायचं हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

पल्लवीला पहिल्या खेपेला मेडिकलला जागा मिळाली नाही, थोडक्यात हुकली. सरांनी मला जिन्यात गाठलं. “माह्या वर्गात ते सहा म्हयने बसली, मॅडम. त्याच्यानं तं नाई ना हुकलं?” मी म्हटलं, नाही सर. मला ते माहीत नव्हतं, अजूनही नाही. दुसऱ्या खेपेला तिला जागा मिळाली. ती पेढे घेऊन आली तेव्हा सरांनी पेढा हातात धरून ठेवला आणि तिला विचारलं, “खुश हाय का तू?” ती हाव म्हणाली. मग त्यांनी पेढा खाल्ला.

पुढच्याच वर्षी जूनच्या शेवटच्या दिवशी सर निवृत्त झाले. शाल-श्रीफळ उभ्यानं घेतलं, भाषण दोन वाक्यांचं केलं. संध्याकाळी मी त्यांना गाडीवर बडनेऱ्याला सोडायला गेले. फलाटावर वर्ध्याकडच्या गाडीची वाट पाहत एक आई-मुलगी उभी होती. आईनं सरांना ओळखलं, ती त्यांची फार जुनी विद्यार्थिनी. पाया पडली आणि म्हणाली, “सर, बरे भेटले. हिची दहावी झाली. गणित ठेवू का सोडू, तुमीच सांगा आता. तुमी म्हनान तसं करतो.”

सरांनी आईला उत्तर दिलं नाही. ते बाकड्यावर बसले, शालीची पिशवी मांडीवर घेतली आणि मुलीला शेजारी बसायला सांगितलं. “तुले काय वाट्टे?”

मुलगी पायातल्या चपलेकडं पाहत राहिली. आई काहीतरी बोलणार होती, सरांनी हातानंच थांबवलं. तेवढ्यात अकोल्याकडची गाडी आली. मी म्हटलं, “सर, गाडी.” त्यांनी मान हलवली, म्हणजे ऐकलं. पण नजर मुलीवरच. त्यांचा उजवा पाय जोरात हलत होता, मांडीवरची पिशवी हलत होती, आतला नारळ बाकड्यावर ठक ठक वाजत होता. लोक चढले, उतरले. शिट्टी झाली. मी पुन्हा म्हटलं, सर. गाडी हलली आणि एकेक डबा आमच्यासमोरून निघून गेला.

शेवटचा डबा गेल्यावर ती मुलगी बोलायला लागली. तेव्हा सरांचा पाय थांबला.